रोझीमावशींनी ऐकलेली हाक

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मी मानसशास्त्रात एमए करतेय. ऐकताना आपण शब्द नेमका कधी ओळखतो, यावर माझा प्रोजेक्ट आहे. रेकॉर्ड केलेल्या शब्दाचा आधी छोटा तुकडा ऐकवायचा, मग थोडा मोठा, आणि दर वेळी विचारायचं, शब्द कुठला?

आज मीरा रोडला आमच्या घरी उत्तनच्या रोझीमावशी आल्या होत्या, त्यांनाही मी हे तुकडे ऐकायला बसवलं. आम्ही त्यांच्याकडूनच मासे घेतो. त्यांचा नवरा सहा वर्षांपूर्वी बोटीवर गेला, तो परतलाच नाही.

शब्द होता 'रोजगार'. माझ्या भावाच्या आवाजात नुसतं 'रोज' वाजलं आणि मावशी "आली!" म्हणत उठल्याच. हेडफोनची वायर ताणली गेली.

"मावशी, कोणी हाक मारली?"

"त्यानं. असंच अर्धं नाव घ्यायचा."

मी घाबरून पूर्ण शब्द ऐकवला.

"रोजगार," त्या म्हणाल्या. मग हळूच, "ह्यो न्हाय गो. पयलाच लाव."

मी तो सात वेळा लावला. सातही वेळा त्यांनी ओ दिली.

त्या तुकड्यासमोर 'चूक' लिहायला माझा हात धजत नाहीये. तुम्ही काय लिहिलं असतं?