जुन्या नावाचं वाय-फाय

नव्या फ्लॅटमध्ये येऊन दोन महिने झाले, पण माझा जुना लॅपटॉप काही इथल्या वाय-फायला जोडला जाईना. उघडला की जुन्या घरचंच नेटवर्क शोधत बसायचा. शेवटी वैतागून मी नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड देऊन टाकला. लगेच जोडला गेला बेटा! घर बदललंय, हे त्याला कळलंसुद्धा नाही. मला त्याचा चक्क हेवा वाटला.

"अहो, झालं ना आता? मग बसा की एका जागी," बायको म्हणाली. मी तरी येरझाऱ्या घालतच होतो.

दारावरची पाटी आम्हीही जुनीच आणून लावली आहे. पण संध्याकाळ झाली, की दिव्याच्या बटणासाठी माझा हात अजून दाराच्या डावीकडे जातो, आणि तिथे नुसती भिंत लागते.