नदीत काय बघायचं

उजव्या हाताचा पंजा उलटा करून तो हवेत झटकायचा, ताटावरची माशी हाकलावी तसा, आणि म्हणायचा, "काही विशेष नाही."

व्हिएतनामला हालाँगच्या उपसागरात सकाळी धुकं उचललं गेलं आणि पाण्यातून हिरवे सुळके एकामागून एक उभे राहिले. बोटीवरच्या आमच्या ग्रुपमधल्या बायका बोलायच्या थांबल्या. अशी शांतता मला इतक्या वर्षांत फार वेळा लाभलेली नाही. त्या शांततेत याचा आवाज आला, "काही विशेष नाही गं. पाण्यात दगड आहेत. आपल्या रेतीबंदरला भरतीच्या वेळी उभं राहिलं की असंच दिसतं. तिथे म्हशी बसलेल्या असतात, इथे दगड."

रेतीबंदर म्हणजे डोंबिवली पश्चिमेची खाडी. तुम्ही ती पाहिली असेल तर मला त्या क्षणी काय वाटलं असेल ते सांगायला नको.

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमची टूर कंपनी होती. छोटीशी. मी तिचा टूर लीडर. टूर लीडरला मत नसतं, त्याला फक्त दात असतात. सकाळी नाश्त्याला दाखवायचे, रात्री गुड नाईट म्हणताना पुन्हा दाखवायचे. आता गुडघ्यांनी जवाब दिला, काम सुटलं, तेव्हा जे तोंडातच ठेवलं ते बोलायला हरकत नाही. मला प्रवासी आवडत नसत. "आमचं व्हिएतनाम करून झालं" असं दळण आणून झाल्यासारखं सांगणारे आवडत नसत. राजवाड्याकडे पाठ करून राजवाड्यासमोर स्वतःचाच फोटो काढणारे आवडत नसत. जगाच्या कुठल्याही टोकाला उतरल्यावर पहिल्यांदा चहा कुठे मिळेल विचारणारे तर अजिबात नाही. या सगळ्यांत मी सर्वांत जास्त तिटकारा केला तो या एका माणसाचा. इथे त्याला 'तो' म्हणतोय. तोंडावर अर्थात "काका, तुम्ही".

मानपाड्याकडच्या एका रंगाच्या कंपनीतून तो रिटायर झालेला. राहायला कोपरला. करडा सफारी, डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात नाडीने लटकवलेली पाण्याची बाटली. बरोबर काकू. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. लहानशी मूर्ती, मोठा काळा गॉगल, आणि नवरा काहीही बोलला तरी चेहऱ्यावर हसू. मला वाटायचं, या बाईंना आयुष्यभर सवय झाली असणार. तो त्यांचा दंड धरून चालायचा, म्हणजे जवळजवळ ओढतच न्यायचा, पोलीस आरोपीला नेतो तसा. पायरी आली की, "अगं पायाखाली बघ ना." दर पायरीला.

बसमध्ये रोज जागा बदलायच्या हा टूरचा पाळायचा नियम. पुढे बसलेले दुसऱ्या दिवशी मागे. भांडणं होऊ नयेत म्हणून. यानं पहिल्याच दिवशी ड्रायव्हरमागची जोडी पकडली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. "मला मागे मळमळतं," म्हणाला. त्याला कशानं मळमळत नव्हतं हे आम्ही रोज बुफेत बघत होतो. उकडलेली अंडी पेपर नॅपकिनमध्ये, केळी काकूंच्या पर्समध्ये, आणि वेटरला बोलवायचं ते चुटकी वाजवून. आमच्या तिथल्या गाईड मुलीला तर तो "ए बेबी" म्हणायचा. मी हसून मान खाली घालायचो. माझ्या कामात मान खाली घालणं हेही कौशल्य होतं.

हनोईतल्या रस्त्यावर स्कूटरींचा लोंढा बघून ग्रुप घाबरला, गाईडने हात धरून एकेकाला पलीकडे नेलं. हा म्हणाला, "संध्याकाळी मानपाडा रोडला या." ह्यूएचा जुना राजवाडा बघून म्हणाला, "कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याला जरा चुना लावा, झालं." ह्यूए सोडून बस घाट चढली, एका बाजूला ढगातला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली निळा समुद्र. सगळे खिडक्यांना चिकटले. तो ड्रायव्हरच्या मागून, समोरच्या काचेतून बघत म्हणाला, "माळशेज आहे. त्याला खाली समुद्र लावलाय. वळण आलं, आता डावीकडे समुद्र. आता ढग आडवा आला. हे काय, ढग बघायला आलो का आपण एवढ्या लांब." होईआनला रात्री नदीकाठी रंगीत कंदील लागलेले होते, लोक होड्यांतून दिवे सोडत होते. "फडके रोडला दिवाळीत याच्या दुप्पट असतात. आणि इथे लाल कमी, पिवळेच फार. एक जांभळा आहे, तो बिघडलाय, लुकलुकतोय." चांगली दहा मिनिटं चाललं होतं त्याचं. काकू गॉगल घालून, रात्री गॉगल घालून, नदीकडे तोंड करून उभ्या.

एका मोत्यांच्या शोरूमला मात्र तो आत गेला, एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बरं आहे." जिथे खरंच बघण्यासारखं काही नव्हतं तिथे याला बरं वाटलं. काकू दारातल्या खुर्चीवरच बसून राहिल्या होत्या.

दानांगला जेवण झाल्यावर गमतीचा कार्यक्रम असतो. गाणी, नकला. मी त्याची नक्कल केली. टोपी घातली, बाटली गळ्यात अडकवली, पंजा झटकला. ग्रुप हसून हसून लोळला. दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये काहीही दिसलं की पंचवीस हात एकदम झटकले जायचे, "काही विशेष नाही." त्याला राग आला की नाही कळलं नाही. काकूही हसल्या होत्या.

त्याच प्रवासात कुठेतरी गाईडने माईकवर देशाचा आकार सांगितला. खांद्यावरच्या कावडीसारखा, म्हणाली. मधे समुद्राकाठची लांब काठी, आणि दोन टोकांना भाताच्या दोन टोपल्या. उत्तरेला एका नदीचं मुख, दक्षिणेला मेकाँगचं. मी मराठीत सांगितलं. काकूंनी वर्गात करतात तसा हात वर केला. "त्रिभुज प्रदेश," म्हणाल्या. मग बसच्या काचेवर मनगट टेकवून एकेक बोट पसरलं. "समुद्र जवळ आला की नदी दमते. मग ती अशी हात उघडते. फळ्यावर आयुष्यभर हाच हात काढला हो मी. प्रत्यक्ष एकही बघितला नाही. उत्तरेचा तर हनोईच्या गर्दीत कळलाच नाही. आता खालचा बघायचाय."

"चिखल असतो," तो म्हणाला.

"असू दे," काकू म्हणाल्या.

सायगॉनला पोचेपर्यंत ग्रुप थकला होता. शेवटच्या दिवशी मेकाँग. म्हणजे भल्या पहाटे उठायचं, दोन तास बस, मग बोट, मग लहान होडी. आदल्या संध्याकाळी बसमध्ये कुणीतरी सुरुवात केली, त्यापेक्षा बाजार करूया, सामान घ्यायचं राहिलंय. दुसऱ्याने दुजोरा दिला. थकलो मीही होतो. मला झोप हवी होती, एवढंच खरं कारण, बाकीची मी नंतर शोधली. मी माईक घेतला.

"हात वर करून ठरवू," मी म्हणालो. "आमच्या काकांनी तर आधीच सांगून ठेवलंय, चिखल असतो. काय काका? नदीत काय बघायचं?" आणि त्याच्या समोर उभं राहून मी पंजा झटकला. सगळी बस एका सुरात म्हणाली, "काही विशेष नाही."

बाजारासाठी हात वर गेले. मोजायचंही कारण नव्हतं.

तो अर्धवट उठला होता. ड्रायव्हरच्या सीटमागची दांडी धरून. "नाही, म्हणजे," म्हणाला, "प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं ना ते."

"काका, आता पलटू नका हं," मागून कुणीतरी म्हणालं. परत हशा.

तो माझ्याकडे बघत राहिला. तोंड उघडं होतं. इतके दिवस न थांबता चाललेलं ते तोंड उघडं राहून काहीच बोलत नाही, याची मला तेव्हा मजा वाटली. काकूंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बसा हो. चिखलच असेल," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रुप बाजारात. काकू हॉटेलच्या लॉबीत एकट्या. तो कुठे गेला विचारलं तर म्हणाल्या, डोळ्यांचे थेंब संपले, ते आणायला गेलेत. मी चहा मागवला. त्या कपाच्या कानासाठी दोनदा चाचपडल्या आणि तिसऱ्यांदा तो सापडला. तेव्हा मला कळलं. एवढे दिवस बरोबर फिरवलेलं माणूस, आणि मला तेव्हा कळलं.

"आधी ताटाएवढं दिसायचं," त्या म्हणाल्या. "मग वाटीएवढं. आता बटणाएवढं. तेही नाकासमोर. म्हणून ते पुढची सीट सोडत नाहीत. मळमळतं कसलं, दगडसुद्धा पचतात त्यांना."

मला आधी सांगायला हवं होतं, असं मी म्हणालो. माणूस आपल्या सोयीचं काहीतरी म्हणतोच.

"मग तुम्ही मला सगळीकडे खुर्चीत बसवून ठेवलं असतं. आणि पंचवीस जण हळहळले असते." मग त्या हसल्या. "त्यांना वाटतं, काही विशेष नाही म्हटलं की मला चुकल्यासारखं वाटणार नाही. नावं ठेवायला मात्र त्यांना नीट बघावं लागतं. जितकं सुंदर, तितकी जास्त नावं. होईआनला किती वेळ बोलत होते बघितलंत ना? मी म्हटलं, हे फारच सुंदर असणार. शोरूमला बरं आहे म्हणाले, तर मी उठलेही नाही."

पुढच्या वर्षी मी स्वतः तुम्हाला मेकाँगला नेतो, मी म्हणालो.

"बघू. बटण राहिलं तर," म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही. सामान बांधताना छत्री राहिली तर, इतक्या सहज.

पुढच्या वर्षी मी फोन केला. तो फोनवर आला. माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता कशाला? सगळ्यांनी हात वर करून ठरवलंय ना, नदीत काय बघायचं." फोन ठेवला. मग मी केलेले फोन त्याने उचलले नाहीत.

तुम्हाला आता तो आवडायला लागला असेल तर सांगतो, मला नाही लागला. वेटरला चुटक्या तोच वाजवायचा. त्या गाईड मुलीच्या चेहऱ्यावर "ए बेबी" ऐकून जे उमटायचं ते मी पाहिलंय, आणि बायकोच्या डोळ्यांनी ते पुसलं जात नाही. तो उद्धट होता, हावरट होता. फक्त त्या बसमध्ये त्याच्याहून हलका माणूस एकच होता, आणि माईक त्याच्या हातात होता.

तो गेल्याचं मला टूरच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. ज्यांनी पंजे झटकले होते त्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. "किती दिलखुलास व्यक्तिमत्त्व." मी काहीच टाकलं नाही. कोपरला गेलो.

सुनेने दार उघडलं. काकू खिडकीशी, जेवणाच्या टेबलाजवळ बसल्या होत्या. आता गॉगल नव्हता, त्याची गरज उरली नव्हती. पाण्याची बाटली नाडीसकट खिळ्याला टांगलेली होती. मी नाव सांगितलं. आवाजावरूनच ओळखलं, म्हणाल्या. सून चहा ठेवायला आत गेली.

"फार चांगली आहे हो ती," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "सकाळी इथे आणून बसवते. बाहेर कसं आहे विचारलं, छान आहे आई. साडी कुठली नेसवलीस, छान आहे आई. नातवाने चित्र काढलं, तेही छान. शेजारपाजारचे येतात, त्यांचंही सगळं छान. मला काही कळेनासंच झालंय आता."

मी मान खाली घातली. ते मला येतं.

"तुम्ही नंतर गेला असाल ना मेकाँगला?"

"बऱ्याचदा."

"कसं आहे?"

"अप्रतिम आहे काकू," मी म्हणालो. इतक्या वर्षांचं तोंड, दुसरं काय येणार त्यातून.

त्यांनी मान हलवली, दारावर आलेल्या विक्रेत्याला नको म्हणतात तशी, आणि चेहरा खिडकीकडे वळवला.

मी बाटलीकडे बघितलं. मग घसा साफ केला.

"खरं सांगू का, पाणी गढूळ आहे," मी म्हणालो. "चहा उकळत ठेवून विसरलं की होतो तसला रंग. पलीकडचा काठ म्हणाल तर धड दिसत नाही, नुसती हिरवी रेघ मारून ठेवलीय."

काकू वळल्या.

"नारळ आहेत, पण एक सरळ उभा असेल तर शपथ. सगळे पाण्यात तोंड बघायला वाकलेले. लहान होडीत बसवतात, ती काठवटीएवढी. कालवा इतका अरुंद की दोन्हीकडच्या झावळ्या डोक्यावर घासतात, ऊन खाली येतं ते चाळणीतून गाळल्यासारखं, ठिपके ठिपके. वल्हवणारी बाई आजीच्या वयाची, ती एक शब्द बोलत नाही. नुसतं पाण्याचं चुळुक चुळुक. डुलकी येते माणसाला."

"आणि नदी?"

"नदीला तर शिस्तच नाही. एक वाट धरून जाईल तर ती कसली. इकडे एक फाटा सोडते. थोडं पुढे जाऊन तिकडे दुसरा. मधेच बेट टाकते, त्यावर लोकांनी लगेच भात लावलाय, तोही डोळ्यांना खुपेल इतका हिरवा."

टेबलावरच्या मेणकापडावर काकूंची मूठ होती. तिचा अंगठा सुटला. मग एक बोट.

"अजून ठेवा नावं," त्या म्हणाल्या.

सुनेने चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघत उभी राहिली. मी थांबलो नाही. फाट्यांना नावं ठेवली, फाट्यांच्या फाट्यांना ठेवली, समुद्रापर्यंत एकेकाला ठेवत गेलो, आणि मेणकापडावर तो हात हळूहळू पूर्ण उघडला.