भुरक्याची शाब्बासकी

सविता येवलेचा राग वडिवळ्यात सगळ्यांच्या ओळखीचा. तिकोणा पेठेहून ती सून म्हणून या गावात आली, अंगणवाडीची सेविका झाली, निम्म्या गावाची पोरं तिच्या हाताखालून शाळेत गेली, पण नाकावर माशी बसू देईल तर शपथ! खाऊचं पाकीट फुटकं आलं की पर्यवेक्षिकेलाच फोन लावून सुनवायची. वजनं भरायचं ॲप अडकलं की मोबाईलला "मेल्या" म्हणायची. हे सगळं गावाला सवयीचं होतं. पण गेल्या वर्षी तिचं डोकं फिरवलं ते एका सशानं. आणि ससा तरी खरा असावा? छे! टीव्हीतला, चित्रातला ससा. असल्यावर राग काढायचा तरी कसा, सांगा.

भुरक्या त्याचं नाव. राखाडी अंग, पिवळी हाफ चड्डी, आणि अंगापेक्षा लांब कान. कुठल्याशा कंपनीनं अंगणवाडीला टीव्ही दिला, त्याच्याबरोबर हा भुरक्या पेनड्राइव्हवर आला. आकडे, रंग, जनावरं, फळं, सगळं शिकवायचा. पोरं त्याच्यावर जीव टाकायची. त्याची एक रीत होती. तो प्रश्न विचारायचा, मग डावा कान ताठ उभा करून गप्प थांबायचा. पोरांनी तेवढ्यात ओरडून उत्तर द्यायचं. मग तो कोलांटी मारायचा आणि म्हणायचा, "शाब्बास! अगदी बरोब्बर!"

आता त्याला मेल्याला ऐकू येणार आहे थोडंच? एकदा त्यानं विचारलं, "टोपलीत आंबे किती?" कान उभा. स्वराज नावाच्या एका वांड पोरानं ठोकून दिलं, "म्हैस!" भुरक्यानं कोलांटी मारली. शाब्बास, अगदी बरोब्बर! पोरं हसून लोळायला लागली आणि त्या दिवशी प्रत्येक प्रश्नाला म्हैसच झाली. सविता घसा फोडून "चार, चार" सांगत राहिली, पण तिचं कोण ऐकतंय. शाब्बासकी फुकट मिळायला लागल्यावर बाईची किंमत काय राहणार!

इथवर सविताचा राग म्हणजे नुसती धुसफूस होती. तो खरा पेटला अपेक्षामुळे.

अपेक्षा ही रतनबाईची नात, चार वर्षांची. बाप संदेश लोणावळ्यात जीप चालवतो, पाहुण्यांना भुशी धरणावर नेतो-आणतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. आई सारिका घर आणि भातखाचरं बघते. पोरगी गोड, गुटगुटीत, कुणाच्याही मांडीवर जाऊन बसणारी. पण बोलणं नाही. "आई" म्हणायची, "दे" म्हणायची, बाकी सगळं तोंडातल्या तोंडात. सविताला वाटायचं, असतात काही पोरं मुखदुर्बळ, बोलेल हळूहळू.

मग तो ट्रॅक्टरचा दिवस आला. वीज गेली म्हणून पोरं अंगणात खेळत होती. चिखलणीचा ट्रॅक्टर वळणावरून मागं मागं येत होता, ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून बसलेला. बाकीची पोरं पळाली. अपेक्षा पाठमोरी उकिडवी बसून खडे रचत होती, ती मानसुद्धा वळवेना. मदतनीस शालूबाईनं धावत जाऊन तिला बखोटीला धरून ओढली. पोरगी दचकली ती ओढल्यावर. हॉर्ननं नाही.

त्या दिवसापासून सविता पोरीवर नजर ठेवून राहिली. मागून टाळी वाजवली, ताट आपटलं, नावानं हाक मारली. काही नाही. खाऊला हाक मारली की अपेक्षा उठायची खरी, पण दुसरी पोरं उठल्यावर. सविताला कळून चुकलं. पोरीला ऐकू येत नव्हतं, निदान फारच कमी येत होतं. आणि बोलायला शिकायचं वय हातातून चाललं होतं.

संध्याकाळी ती तडक रतनबाईच्या घरी गेली. आडपडदा ठेवणं तिला जमतच नाही.

"मावशी, पोरीचे कान तपासून घ्या. तळेगावला दवाखान्यात न्या. तिला आयकू येत न्हाई."

रतनबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "काय बोलती गं, सविता? आमच्या घरात समदीच उशिरा बोलली. हिचा बाप पाच वर्साचा होस्तोवर मुका हुता. आता बग, पावन्यांशी बोलून बोलून त्येचं तोंड दुखत न्हाई."

"उशिरा बोलणं येगळं, मावशी. हिला मागून हाक मारली तर कळत न्हाई."

"ध्यान नसतं तिचं! अन् आयकू येत न्हाई तर त्या सशाला उत्तरं कशी देती? सारिके, लाव गं टीव्ही."

सारिकानं टीव्ही लावला. घरातल्या टीव्हीवरही भुरक्याच होता, रोज संध्याकाळी यायचा. अपेक्षा पुढ्यात जाऊन मांडी घालून बसली. भुरक्यानं विचारलं, "झाडावर पक्षी किती?" झाडावर तीन पोपट बसलेले. कान उभा राहिला आणि अपेक्षानं तीन बोटं वर करून जीव खाऊन आरोळी ठोकली, "तीं!" कोलांटी. शाब्बास, अगदी बरोब्बर!

"आयकलंस?" रतनबाई म्हणाली. "तो टीव्हीतला इतका शिकलेला ससा शाब्बास म्हणतोय, अन् तू म्हणतीस पोर भैरी!"

आता या बाईला काय सांगायचं! तो म्हशीलाही शाब्बास म्हणतो, असं सविता म्हणाली, तेव्हा रतनबाईला वाटलं ही आपल्याला म्हैस म्हणाली. तोंडाला तोंड लागलं. "आमच्या पोरीला नावं ठेवायला येऊ नगंस" इथवर बोलणं गेलं. सारिका मध्ये पडून एवढंच म्हणाली, "ताई, हे घरी आले की इचारते त्यांना." तिच्या नवऱ्याला विचारणं म्हणजे काय, ते सविताला ठाऊक होतं. संदेशनं फोनवर पोरीचे व्हिडिओ काढून ठेवले होते, बोटं दाखवतानाचे, आणि तो ते जीपमध्ये बसलेल्या पाहुण्यांना दाखवायचा.

सविता गेली नाही असा आठवडा गेला नाही. दवाखान्यात आपण बरोबर येतो म्हणाली. एस.टी. नको तर रिक्षा सांगते म्हणाली. तपासणीची गाडी गावात आली तेव्हा निरोपावर निरोप धाडले, तर रतनबाईनं नेमकी त्याच दिवशी पोरगी आजोळी पाठवून दिली. लोकांत शोभा नको म्हणे! घरी येऊन सविता नवऱ्यासमोर रडली. "मी काय त्यांचं वाईट चिंतते का? पालथ्या घड्यावर पाणी नुसतं! अन् तो मेला ससा, पोरीच्या तोंडात रोज साखर घालतो अन् घशात माती."

भातकापणीच्या दिवसांत ती पुन्हा गेली. या वेळी अंगणवाडीच्या हजेरीबद्दल बोलायला आले, असं सांगून. रतनबाई ओटीवर बसून कडाकडा सुपारी फोडत होती. तिनं "ये" म्हटलं नाही आणि "जा" म्हटलं नाही. आत टीव्हीवर भुरक्या चालू होता. अपेक्षा पुढ्यात बसलेली.

वडिवळ्यात फोनला रेंज मिळणं ही नशिबाची गोष्ट. या घरात ती एकाच जागी यायची, टीव्हीशेजारच्या खिडकीत. त्यामुळं संदेशचा फोन आला की सारिका आधी रिमोटनं टीव्हीचा आवाज बंद करायची आणि मग खिडकीत उभी राहायची. घराला हे इतकं सवयीचं होतं की तिकडं कोणाचं लक्षही जायचं नाही. त्या दिवशी तसाच फोन आला. सारिकानं आवाज बंद केला. "हां, बोला. जेवला का?"

टीव्हीवर भुरक्याचं तोंड मुकाट हलत होतं. त्याच्यापुढं पाच बदकं पोहत होती. कान उभा राहिला.

अपेक्षानं पंजा वर केला. "पाँ!"

घर गप्प होतं. त्या गप्प घरात तेवढाच आवाज झाला. भुरक्यानं मुकाट कोलांटी मारली, आणि अपेक्षा शाब्बासकी मिळाल्यासारखी टाळ्या पिटायला लागली.

सविता उंबऱ्यात होती. सुपारी फोडणारा रतनबाईचा हात थांबला होता. सारिका फोन कानाला लावून पोरीकडे बघत राहिली. फोनमधून संदेशचं "हॅलो, हॅलो, रेंज गेली काय?" असं बारीक ऐकू येत होतं. पडद्यावर कान पुन्हा उभा राहिला, आणि पोरीनं दोन बोटं दाखवून पुन्हा आरोळी ठोकली.

"आपू," सारिका म्हणाली. मग मोठ्यानं, "आपू!" मग किंचाळून, "आपू गं!"

पोरगी टीव्हीकडे बघून हसत होती.

सविताला आपण जिंकलो असं मुळीच वाटलं नाही. तिला स्वतःचाच संताप आला. आवाज बंद करून बघ, एवढी साधी गोष्ट, अंगणवाडीतला रिमोट रोज हातात असून आपल्याला सुचू नये? सारिका भुईवर बसून रडत होती. सविता तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "रडू नगंस. उद्या सकाळच्या एस.टी.नं जायाचं. मी येते."

तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या कानाला यंत्रं लावली, वायरी लावल्या, बराच वेळ तपासलं. दोन्ही कान अधू. आधी ऐकू येत होतं ते हळूहळू कमी होत गेलं असणार, म्हणाल्या. कानात मशीन बसवू, आवाज येईल. पण नुसता आवाज आला म्हणजे बोलणं कळलं असं होत नाही. कुठला आवाज कुणाचा, कुठला शब्द कशाचा, हे तिला पहिल्यापासून शिकवावं लागेल, आणि त्याला वेळ लागेल. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "वर्षभर आधी का नाही आणलंत हिला?"

सारिकानं मान खाली घातली. बरोबर आलेल्या रतनबाईनं घातली नाही.

गावात आल्यावर ती पाणवठ्यावर, देवळात, पिठाच्या गिरणीत सगळ्यांना सांगत सुटली. "रोज चार तास पोर त्या बाईफुडं बसत हुती. आमी अडाणी मानसं, आमाला काय कळतंय? पगार कशाचा घेती मग? आधी का न्हाई सांगितलं तिनं?" लोकांनी मान डोलावली. शालूबाईनं हे सविताला येऊन सांगितलं, तेव्हा ती पोरांना खिचडी वाढत होती. पळी पातेल्यात तशीच राहिली. गिरणीत जाऊन म्हातारीच्या झिंज्या धराव्यात, असं तिला वाटलं. ती तणतणत दारापर्यंत गेलीसुद्धा. पण पोरं ताटं घेऊन बसली होती. ती परत फिरली. "चोराच्या उलट्या बोंबा," एवढंच पुटपुटली आणि वाढायला लागली.

मशीन आलं आणि अपेक्षा पुन्हा अंगणवाडीत आली. कानांमागं दोन गुलाबी तुकडे. सारिका हात धरून घेऊन आली. सासू काय बोलत फिरते ते तिला ठाऊक असणार. तिनं सविताच्या नजरेला नजर दिली नाही. "ताई, तुमीच बघा आता," एवढं म्हणाली आणि गेली.

सविताला धीर निघेना. बाकीची पोरं शालूबाईबरोबर अंगणात होती. टीव्ही बंद होता. अपेक्षा सतरंजीवर एकटी बसलेली. सविता तिच्यामागं उभी राहिली. तिनं हाक मारली, "आपू!"

पोरीची मान झटकन वर आली. ऐकू आलं!

अपेक्षा वळली नाही. ती टीव्हीकडे बघत होती. काळ्या पडद्याकडे, मोठे डोळे करून, भुरक्या कधी येतो याची वाट बघत.

"आपू, हिकडं बघ. मी बोलतीया, मी."

आवाज आला तशी पोरगी आणखी पुढं सरकली, टीव्हीजवळ. तिच्या लेखी बोलणारा जगात तो एकच होता. सविताला इतका राग आला की टीव्ही उचलून अंगणात फेकावा. फेकला नाही. ती फतकल मारून पोरीच्या पुढ्यात बसली, पडद्याला पाठ लावून, आणि स्वतःच्या छातीवर हात मारत म्हणाली, "मी. सविताबाई. मी हाक मारली तुला."

अपेक्षानं तिच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. मग एका बाजूला वाकून, सविताच्या खांद्यावरून, ती पुन्हा त्या बंद टीव्हीकडे बघायला लागली.

"आपू," सविता म्हणाली. "आपू. आपू."