सांबाराची झाकलेली जुडी

वसमतच्या भाजीबाजारात ती कोथिंबीर विकते. इतकी वर्षं घेतोय, पण नाव मी कधी विचारलं नाही. ओलं पोतं अंथरून बसते, एकेक जुडी आधी हुंगते आणि मगच मांडते. गिऱ्हाईक कोथिंबीर म्हणालं तर कोथिंबीर देते, धनिया म्हणालं तर धनिया. स्वतः मात्र सांबारच म्हणते. तिचं माहेर पैनगंगेपलीकडचं, वऱ्हाडातलं, आणि तिकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

मी शाळेत मराठी शिकवतो. एकदा तिला सांगितलं, संस्कृतातल्या कुस्तुंबरीवरून कोथिंबीर हे नाव आलं.

"आन् सांबार कुठून आला, गुरुजी?"

शोधून सांगतो, मी म्हणालो.

"आमच्या मायच्या घरून आला," ती म्हणाली आणि जुडीवर पाणी शिंपडू लागली.

रोज एक जुडी ती मांडीजवळ झाकून ठेवते, विकत नाही. ती कशासाठी, ते परवा कळलं. पुसदच्या एसटीतून उतरलेल्या एका बाईनं विचारलं, "सांबार हाय का वं?" हिनं झाकलेली जुडी काढून तिच्या पिशवीत घातली, पैसे घेतले नाहीत.

"कोन्या गावची तू, बाई? नदीला पानी हाय का?"

त्या बाईला घाई होती, पण हिच्यानं पिशवी सोडवेना.

काल मीही सांबार मागितला. ती हसली. पोत्यावरची जुडी दिली, पैसे घेतले.

गाव तिनं विचारलं नाही.