भाऊबीजेची बाटली

रोहणा गावच्या यशोदाबाईंच्या नावाला एके काळी दारूवाले टरकायचे. नवरा मोतीलाल मोहाच्या दारूनं पोटात पाणी होऊन गेला, तेव्हा पदरात एकच पोरगा होता, प्रफुल. तेरवी झाली आणि बाईंनी गावातल्या बाया गोळा केल्या. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी होती, पण ती कागदावर. बायांनी नाल्याकाठच्या भट्ट्या फोडल्या, मडकी उलथली, आर्वीच्या ठाण्यासमोर उपाशी बसल्या. तेव्हापासून आसपासच्या गावांत कुठेही भट्टी लागली की बाया आधी यशोदाबाईंना बोलावू लागल्या.

प्रफुल कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. २००३ साली ती जिनिंग बंद पडली आणि तो घरी बसला. बायको रीता घुम्यासारखी वावरू लागली. त्या दिवाळीत तिचा भाऊ भूपेंद्र पुण्याहून भाऊबीजेला येणार होता. तो मोठ्या कंपनीत होता, त्यानं मनावर घेतलं तर प्रफुलला चिकटवून घेता आलं असतं. मटण-वड्यांचा बेत ठरला. मग प्रफुल आईजवळ येऊन बसला. भूपेंद्रला जेवताना वाइन लागते, म्हणाला. ती नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यात मिळते. पण येताना नाक्यावर तरण्या पोरांच्या पिशव्या उलट्या करतात.

"तुले कोणी हात लावत नाई, माय. अन् वाइन म्हणजे दारू नाई. द्राक्षाचा रस होय."

"तुहा बापही मोहाले फूलच म्हणे," यशोदाबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

दोन दिवस त्यांनी विषय काढू दिला नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसलेल्या रीताच्या डोळ्यांतलं पाणी त्यांनी पाहिलं. धूर नव्हता. धनतेरशीला त्यांनी नदीपलीकडच्या तिवशाची एसटी धरली.

दुकानात सगळे पुरुष. यशोदाबाईंनी पदर कपाळावर ओढला. काय मागायचं तेच त्यांना कळेना. दुकानदारानं विचारलं, मटण आहे का कोंबडी? मटण म्हटल्यावर त्यानं लाल रंगाच्या तीन बाटल्या पुढे मांडल्या. एकीवर द्राक्षाच्या घडाचं सुबक चित्र होतं, पण तिची किंमत ऐकून त्यांनी हात मागे घेतला. "पाव्हण्याले हलकी वाटली नाई पायजे, अन् माह्यानं झेपली पायजे," त्या म्हणाल्या. त्यानं मधली बाटली पेपरात गुंडाळून दिली. भाजी घासाघीस करून घेणाऱ्या बाईंनी तिथे सांगितले तेवढे पैसे मोजले. पिशवीत बाटलीवर त्यांनी मेथीच्या जुड्या ठेवल्या.

परतताना पूल ओलांडल्यावर गाडी थांबली. चढलेल्या हवालदारानं सीटखालची बोचकीसुद्धा उपसली. यशोदाबाईंजवळ येताच त्याचा हात थांबला. त्यानं नमस्कार केला.

"मावशी, तुमची पिशवी कायले पाहू? तुमच्यासारख्या बाया आहेत म्हणून ही बंदी टिकून राह्यली."

गाडीतली माणसं कौतुकानं वळून पाहू लागली. त्यापेक्षा हवालदारानं धरून ठाण्यात नेलं असतं तर बरं, असं बाईंना वाटलं.

भाऊबीजेला ओवाळणं झालं, पंगत बसली. प्रफुलनं स्टीलच्या पेल्यांत वाइन ओतली. भूपेंद्रनं एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि हसत म्हणाला, "भाऊजी, ही आमच्याकडे स्वयंपाकात टाकतात." नंतर तो पाणीच प्यायला. नोकरीचा विषय निघाला तेव्हा, पाहतो, म्हणाला.

पाहुणा आराम करायला गेला. वाया जाऊ नये म्हणून उरलेली बाटली प्रफुलनं एकट्यानं संपवली. भर दुपारी अंगणात त्याचा तोल गेला. आई सावरायला धावली, तर तिचा हात झटकून म्हणाला, "तुले समजत नाई, तं भारीतली आणाची होती."

पुण्याहून काही कळलं नाही. संक्रांतीनंतर शेजारच्या शकुंतलाबाई आल्या. नाल्यावर पुन्हा भट्टी लागली होती, मोर्चा न्यायचा होता. यशोदाबाईंनी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं.

"तू नसशील तं ठाण्यात आमचं कोण आयकते?" शकुंतलाबाईंनी विचारलं. त्या बराच वेळ दारात उभ्या राहिल्या.

मोर्चा त्यांच्याच दारावरून गेला. बायांनी त्यांच्या नावानं घोषणा दिल्या. त्या आत पीठ चाळत बसल्या होत्या. बाहेर आल्या नाहीत.