दादाच्या मासिकांसाठी स्थळ

दादा गेल्यावर त्याचं सामान वाटायला मला तीन दिवस पुरले. भांडी शेजारणीने नेली, कपाट घरमालकाने ठेवून घेतलं, स्वेटर आणि शाली एका वृद्धाश्रमात गेल्या. उरली ती मासिकं. एकवीस वर्षांची, दर वर्षाचे बारा अंक एकत्र बांधलेले, लाल रेक्झिनच्या पुठ्ठ्यात.

माझा हा थोरला भाऊ नांदेडला सरकारी कचेरीत कारकून होता. हौस मात्र इलेक्ट्रॉनिक्सची. दिल्लीहून पोस्टाने एक इंग्रजी मासिक यायचं. त्यात घरी बनवायच्या वस्तूंच्या आकृत्या असायच्या: टाळी वाजवली की लागणारा दिवा, दार उघडलं की ओरडणारी घंटी. दादाचं शिक्षण सगळं मराठीत झालेलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन तो एकेक ओळ लावायचा आणि रविवारी सोल्डरिंगची गन तापवून बसायचा. वहिनी होती तोवर धुराच्या नावाने बोटं मोडायची. ती गेल्यावर बोटं मोडायलाही कुणी उरलं नाही.

लातूरला आमच्याकडे नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, आणि कधी येईल ते देव जाणे. दादाने मला एक डबी करून दिली होती. नळ सुरू झाला की ती टीं-टीं करायची आणि अख्खी गल्ली हंडे घेऊन जागी व्हायची. मी त्याला "छान आहे" म्हटलं असेन. ती कशी केली, हे काही विचारलं नाही. त्याच्या या वेडाबद्दल त्याला कधी कुणीच काही विचारलं नाही, हे मला तो गेल्यावर कळलं. म्हणून मी हट्टाला पेटले. ही मासिकं कुणीतरी उघडून वाचली पाहिजेत, एवढंच मला हवं होतं. भाचा हैदराबादहून फोनवर म्हणाला, "आत्या, रद्दीवाल्याला बोलव ना, कशाला त्रास करून घेतेस?" मी फोन ठेवला आणि टेम्पो बोलावला.

लातूरच्या माझ्या दोन खोल्यांत ते एकवीस गठ्ठे आले, आणि मुलीसाठी स्थळ बघावं तसं मी त्यांच्यासाठी घर बघायला लागले. मुलीच्या बापाला निदान चहा तरी विचारतात. एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला पाऊण तास बाकावर बसवून ठेवलं आणि मग "आमचं सगळं ऑनलाइन आहे, मॅडम" असं सांगितलं. मग मी एका जुन्या वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपालांनी मी नमुन्याला नेलेला गठ्ठा निदान उघडला तरी. दोन-चार पानं उलटली आणि माझ्याकडे वळवली. आकृत्यांच्या बाजूला, वर, खाली, जिथे जागा मिळेल तिथे दादाने पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलं होतं.

"लिहिलेली पुस्तकं आम्ही देणगीत घेत नाही," ते म्हणाले. "कोरी करून आणा, मग बघू."

मला त्यांचा जराही राग आला नाही, उलट लाज वाटली. कारण मी शाळेत सव्वीस वर्षं पुस्तकपेढी सांभाळली आहे. गरीब मुलांना जूनमध्ये पाठ्यपुस्तकं द्यायची आणि परीक्षा संपली की परत घ्यायची, हे माझं काम. परत घेताना माझा नियम एकच: खोडरबर आणायचं, वर्गात बसायचं आणि पानन् पान पुसून द्यायचं. मिशा काढलेला राजा असो की गाळलेल्या जागेतलं उत्तर, काहीही ठेवायचं नाही. एका घरची घाण दुसऱ्या घरी जाता कामा नये, असं मी मुलांना दरडावायचे. फाटलेलं पान खळीने चिकटवल्याशिवाय मी पुस्तक जमा करून घेत नसे. बाईंच्या पेढीतलं पुस्तक नव्यासारखं असतं, असं हेडमास्तर पाहुण्यांना सांगायचे आणि मी फुशारून जायचे.

तर मी गंजगोलाईच्या बाजारातून डझनभर खोडरबर आणली आणि बसले. पंधरा दिवस लागले. सकाळी चहा झाला की सतरंजी टाकायची, मांडीवर पाट, पाटावर गठ्ठा. डाव्या हाताने पान ताणून धरायचं आणि उजव्याने एकाच दिशेने पुसायचं, म्हणजे कागद चुरगळत नाही. मध्ये कुठे शाईने लिहिलेलं निघालं, त्यावर व्हाइटनर लावलं. खांदा धरला. शेजारीण म्हणाली, भावाचं श्राद्ध असं कुणी घालताना पाहिलं नाही. मला ते कौतुक वाटलं. दादासाठी आपण काहीतरी करतोय या समाधानात मी इतकी होते, की जेवण कधी केलं ते आठवत नाही.

एकवीस कोरे गठ्ठे रिक्षात घालून मी वाचनालयात गेले. ग्रंथपाल रजेवर होते. त्यांच्या जागेवरच्या बाईंनी कमिटीचं नवं पत्रक दाखवलं: यापुढे फक्त स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्यायची. गठ्ठे परत आले. रिक्षावाल्याने एक शब्द न बोलता ते वर चढवून दिले, याचंच मला रडू आलं.

पुढे माझा एक जुना विद्यार्थी, जो आता क्लासेस चालवतो, तो तयार झाला. "बाई, रिसेप्शनला काचेत लावतो, पुठ्ठे भारी आहेत." मी विचारलं, मुलं उघडून बघतील का? तो हसून म्हणाला, काच कुलूपबंद असते. त्याला मी जे बोलले, ते वर्गातसुद्धा कधी कुणाला बोलले नसेन. त्याची बिचाऱ्याची काही चूक नव्हती. त्यानंतर महिनाभर कुणी फिरकलं नाही. रात्री पाणी प्यायला उठलं की गठ्ठ्यांना पाय लागायचा आणि मी त्यांना नमस्कार करायचे. रद्दीवाल्याचा नंबर मी मनातल्या मनात पाठ केला होता.

तेव्हा निलंग्याहून फोन आला. दादा यातून वस्तू बनवायचा असं लिहून मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला निरोप फिरत फिरत एका रेडिओ मेकॅनिकपर्यंत पोचला होता. "ताई, ती मासिकं हायत का अजून? कुणाला देऊ नका. उद्याच्या एस्टीनं यायलोय मी."

माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. पांढरी टोपी, कपाळाला भस्म, काखेत घडी केलेली दोन पोती. मंदिरांचे आणि भजनी मंडळांचे जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. तरुणपणी हेच मासिक ते निलंग्यातल्या एका मास्तरांकडून मागून वाचायचे, मास्तर गेले आणि घरच्यांनी अंक बंबात घातले. हे सांगताना त्यांनी हात असे चोळले, की वाटलं, आलं, दादाचं स्थळ घर शोधत आलं. मी पोहे टाकले. बाहेरच्या खोलीतून पानं उलटल्याचा आवाज येत होता आणि मी कढईपुढे उभी राहून पदराने डोळे पुसत होते.

पोहे घेऊन आले तेव्हा आवाज थांबला होता. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला होता आणि एक पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं होतं.

"ताई, हितं लिहिलेलं होतं काय काय. कुणी पुसलं?"

"मीच पुसलं," मी म्हणाले. अभिमानाने म्हणाले, हे सांगायला हवं. "सगळे गठ्ठे पुसलेत. एक रेघ सापडायची नाही."

त्यांनी दुसरा गठ्ठा उघडला, मग तिसरा. व्हाइटनरच्या एका ठिपक्यावर त्यांनी नख फिरवून पाहिलं. ठिपक्याबरोबर कागदाचा पापुद्रा निघाला तेव्हा ते थांबले.

"कसं हाय ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्या छापलेल्या आकृत्या लई चुकीच्या असायच्या. कुठं तार उलटी, कुठं आकडाच चुकलेला. छापल्यासारखं जोडलं की धूर निघायचा. मग करणारा माणूस चार-चार रविवार डोकं फोडायचा, आणि बरोबर जमलं की बाजूला लिहून ठेवायचा. तुमच्या भावानं एकवीस वर्षं त्येच केलंय. वळ दिसायलेत, पण वाचता येईना."

"पण आकृत्या आहेत ना," मी म्हणाले.

"छापलेलं तर मोबाइलवर बी मिळतंय, ताई. कुणीतरी समदे अंक टाकलेत. मी आलो होतो त्या लिहिलेल्यासाठी."

पोहे गार होत होते. मला वाटलं ते रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मी वर्गात किती पोरांना ऐकवलं असेल, आणि ही म्हण मला लागू पडायला सत्तरी गाठावी लागली. मी खाली बसले. त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

मग त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी एक गठ्ठा माझ्यासमोर ठेवला, अ‍ॅम्प्लिफायरची आकृती काढली आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. "तुम्ही पुसताना बघितलंच असंल की. लई न्हाई, एखादा आकडा, एखादा शब्द. ध्यानात असंल तेवढं सांगा. पुढचं मी जुळवतो."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्याकडे बघत थांबले.

मी बोटाखालचा तो कोरा कोपरा बघत बसले. पंधरा दिवस दादाचं अक्षर माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. बाकी कुणाशी न बोललेलं त्याचं सगळं बोलणं त्यात होतं, आणि शेवटी ते माझ्याच हाती आलं होतं. मी सव्वीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं. त्या पंधरा दिवसांत मी त्यातला एक शब्दही वाचला नव्हता.