झूम घे म्हटलं होतं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "सुधाताई, हे नदीवर पडले... लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं, पण उपयोग नाही झाला." आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "कुठली लेन्स नेली होती त्यानं?" तिचं उत्तर ऐकून जो राग आला, तो दीड महिना झाला तरी उतरलेला नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, जबलपूरच्या फॅक्टरीतून निवृत्त झाला आणि पक्ष्यांच्या नादी लागला. कॅमेरा गळ्यात अडकवून नर्मदेच्या काठानं तासन्‌तास भटकायचा. मग हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी चढउतार बंद केले, आणि नेमकी तेव्हाच याला नवी लेन्स घ्यायची हुक्की आली. टेलिफोटो झूम घेतली, तर घाटावरच्या बाकावर बसून पार पलीकडचा पक्षी जवळ ओढता येतो. दुसरी होती प्राइम लेन्स, तिला ती सोय नाही. तिनं फोटो सुरेख येतो, पण पक्षी मोठा हवा असेल तर आपणच उठून जवळ जायचं. अशा माणसानं कुठली घ्यावी, हे शेंबड्या पोरालाही कळेल! यानं मात्र सदर बाजारातल्या दुकानात चपला झिजवल्या. दारात उभं राहून एकदा ही लावून बघ, एकदा ती. शेवटी दुकानदारच म्हणाला, "दादाजी, अब तो दोनों आपको पहचानने लगी हैं, एक को घर ले जाइए." उन्हात ताटकळून माझं डोकं फिरलं होतं.

"दादा, काहून एवढा घोळ घालून राहिला तू? झूम घे अन् मोकळा हो!"

त्यानं झूम हातात घेतली, जरा वेळ धरली, परत काउंटरवर ठेवली. "चांगली आहे गं. पण ही घेतली ना सुधा, की मी बाकावरचा म्हातारा झालो. मग उठायला कारणच नाही उरत."

"मग बस ना! बसलास तर काय बिघडून राहिलं?"

"चलो, चहा पिऊ," म्हणाला. झालं, विषय संपला.

काही दिवसांनी कुणालाही न विचारता तो प्राइम घेऊन आला. घाटावरूनच फोटो काढीन, खाली उतरणार नाही, असं वहिनीला वचन दिलं. आम्हीही भाबड्या, विश्वास ठेवला. त्या सकाळी तो घाट उतरून खडकांतून चालत निघाला... कॅमेऱ्यात शेवटचा फोटो आहे. पाण्यातल्या खडकावर खंड्या, तिळाएवढा. म्हणजे अजून बरंच चालायचं होतं त्याला. झूम असती, तर तो खंड्या बाकावरून मिळाला असता आणि दादा जेवायला घरी आला असता. कुणाशी भांडू आता मी?

वहिनीनं तोच फोटो मोठा करायला दिला. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, और बड़ा करेंगे तो फट जाएगा, दाने-दाने दिखेंगे." "जितना होता है, उतना कर दीजिए," ती म्हणाली.

आता तो दादाच्या खोलीत, त्याच्या खुर्चीसमोर लावलाय. खुर्चीतून नुसतं पाणी आणि दगड दिसतात. दर वेळी मी ठरवून जाते, आज बसूनच बघायचं, त्याच्यासाठी उठायचं नाही. थोडा वेळ बसते. मग दादाला शिव्या घालत उठते, भिंतीपाशी चालत जाते, आणि तेव्हा कुठे तो खंड्या दिसतो.